कोचायुयो

दर दोन तासांनी उंदीर तपासायचे,
हे माझं रात्रीचं काम.
डोळे उघडे आहेत का, पाठीला पोक आलाय का,
बोटानं ढकललं तर सरकतो का.
प्रत्येकाला गुण द्यायचे, शून्य ते चार,
शाळामास्तरासारखे; फक्त इथे चार सर्वांत वाईट.
चार म्हणजे आता याला छळायचं नाही.
चार म्हणजे शेवटची सुई.

उणे ऐंशीच्या शीतपेटीत
माझ्या आईचा किनारा ठेवलाय:
बदामी भुकटी, तीस कुप्या,
वर माझ्या अक्षरात तारीख आणि ‘कुकाओ’.

कोचायुयो खडक सोडत नाही.
पॅसिफिक त्याला धोब्यासारखा आपटतो,
ओहोटीला ऊन भाजून काढतं,
आणि ते आतल्या आत काहीतरी बुळबुळीत, तुरट शिजवत राहतं,
स्वतःची आग स्वतःपुरती विझवायला.
आपल्यासाठी नव्हे.
(प्रबंधात हे वाक्य होतं. सरांनी खोडलं.)

वडिलांच्या टाचेत शिंपला घुसला तो मंगळवार होता.
एलेओदोरो राइमापो बैलगाडीत पेंढ्या रचत म्हणाले,
एवढ्यानं काय होतंय.
आईनं ओलं कोचायुयो ठेचून टाचेवर बांधलं.
बुधवारी पोटरी तापली.
गुरुवारी ते हुडहुडत होते
आणि बुडालेल्या भावाला होडी आत घ्यायला सांगत होते.

कास्त्रोच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं पट्टी सोडली.
‘हे कुणी बांधलं?’
एवढंच विचारलं त्यानं, आवाजही चढवला नाही.
आई अजून त्या प्रश्नासमोर उभी आहे, ओल्या स्वेटरमध्ये.

जंतू दुसऱ्या दिवशीच मेले होते.
हे मला पुढे शिकताना कळलं.
प्रतिजैविकानं आपलं काम केलं होतं,
पण रक्ताला ते कुणी सांगितलंच नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी:
आधी मूत्रपिंडं, मग फुप्फुसं,
मग ज्यानं कधी कुणाचं वाकडं केलं नाही ते हृदय.

अर्क दिलेल्या दहांतले सात जगले.
न दिलेल्या दहांतले तीन.
सरांनी त्या रात्री केक आणला.
पण तो अर्क आजाराआधी दिला होता.
सहा तास उशिरा दिला
तेव्हा दोन्ही पिंजरे सकाळी सारखेच गप्प होते.
पहिला तक्ता लेखात गेला, दुसरा पुरवणीत.

रविवारी आईचा फोन येतो.
‘तुझ्या कुपीत आहे ते, मी बांधलं होतं तेच ना?’
तेच, म्हणते मी.
आणि तेच नाही.
तू पट्टी बांधलीस, आम्ही पोटात टोचतो,
गाळून, मोजून, आणि सगळं सुरू व्हायच्या आधी.
‘आधी कसं कळणार?’
नाही कळत, आई.

बराच वेळ नुसता वारा ऐकू येतो, आणि गोठ्याचं दार.
‘म्हणजे माझ्यामुळे गेला नाही.’
नाही.
‘आणि माझ्यामुळे वाचलाही नसता.’
मी काहीच बोलत नाही.
‘मग मी नुसतीच होते तिथे,’ ओतिलिया राइमापो म्हणते,
आणि त्याच दमात: भाच्याला दात येतायत,
चघळायला एक जाड तुकडा ठेवलाय, नेशील का?
तुझेही त्यावरच आले.

पहाटेचे चार.
चौदा नंबरच्या पिंजऱ्याशी मी हातमोजा ओढते.
हा उशिराच्या गटातला.
एक डोळा अर्धा मिटलेला.
बोटानं ढकलते.
थांबते.
पुन्हा ढकलते, नियमात एकदाच आहे तरी.
सरकतो, बोटभर.

तीन लिहिते.
आणि खुर्ची ओढून
नुसतीच बसते तिथे.